रोजचे जेवण सांगावे, आणि पुरते सांगावे

सप्रेम नमस्कार,

मी कांदिवलीला राहते आणि फोर्टमध्ये नोकरी करते. संध्याकाळच्या लेडीज स्पेशलमध्ये आम्हा सात-आठ जणींचा गट आहे. भाजी निवडता निवडता आज रात्री कोण काय करणार आणि कसे करणार, हे बोलणे रोज होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत कोणीतरी त्यातले घासभर डब्यातून आणते. मला हा वेळ फार आवडत असे. अलीकडे मात्र गप्पा पनीर, बिर्याणी, केक यांकडे वळल्या आहेत आणि ‘आज दुधीची भाजी नि आमटी’ असे सांगायला मला संकोच वाटू लागला आहे. त्यातच विरारच्या एका मैत्रिणीने माझ्या आमटीची कृती विचारली. मी सवयीने सांगितले, ‘डाळीला चार शिट्ट्या, चिंच, गूळ, गोडा मसाला, सगळे आपले अंदाजाने.’ तिने घाईत सगळे एकदमच कुकरमध्ये घातले. तिची डाळ शिजलीच नाही आणि ‘तुझी कृती काही खरी नाही’ असे ती सगळ्यांसमोर म्हणाली. गटातल्या एक ज्येष्ठ काकू तर प्रत्येकीच्या पदार्थात काही ना काही खोट काढतात. तेव्हापासून मी गप्प बसते. मी सांगणे बंद करावे का? अंदाजाने रांधणाऱ्या बाईने कृती सांगायची तरी कशी? आणि एक लहानशी शंका: रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून मी गटासाठी नेते, ते योग्य आहे ना?

एक वाचक, कांदिवली

प्रिय भगिनी,

सांगणे बंद करू नका. तुमच्या हातची आमटी चांगली होते म्हणूनच मैत्रिणीने तिची कृती विचारली, हे तुमच्या पत्रातच आहे. जे बिघडले ते कृती तुमच्या स्वयंपाकघरातून तिच्या स्वयंपाकघरात जाताना बिघडले, आणि का बिघडले हे शोधून काढता येते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपैकी ‘अंदाज सांगायचा कसा’ या एका प्रश्नावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण तो सुटला की तुमच्या संकोचाचा बराचसा भार हलका होईल असे मला वाटते.

पण आधी दुधीबद्दल. संध्याकाळच्या गाडीत बसलेल्या बाईसमोरचा प्रश्न बहुधा असा असतो: घरी पोहोचायला आठ वाजणार, घरात अर्धा दुधी, दोन टोमॅटो आणि डाळ आहे, कणीक मळायची आहे, मुलगा भाजी पाहून नाक मुरडतो, सासऱ्यांना तिखट चालत नाही, तर आज काय करू? या प्रश्नाला बिर्याणीच्या कृतीने उत्तर मिळत नाही, तुमच्या दुधीने मिळते. पनीर किंवा केक करून पाहणाऱ्या मैत्रिणींना मी कमी लेखत नाही; नवे काही जमल्याचा आनंद खरा असतो आणि तो सांगावासा वाटणे साहजिक आहे. परंतु जो पदार्थ आपण वर्षातून दोनदा करतो त्याची आपल्याला कृती माहीत असते, आणि जो आठवड्यातून दोनदा करतो त्याच्या सगळ्या खोड्या माहीत असतात. दुसऱ्याच्या उपयोगी पडतात त्या या खोड्या.

दुधीच्याच किती सांगता येतील ते पाहा. बाजारात घेताना देठ हिरवा असावा, सालीवर बारीक लव असावी आणि नख सहज रुतावे. नख रुतत नसेल तर आत बिया निबर निघतात. चिरल्यावर एक कच्ची चकती जिभेच्या टोकाला लावून पाहावी, आणि ती कडू लागली तर तो दुधी पुरताच टाकून द्यावा, कारण कडूपणा आणणारे घटक शिजवूनही जात नाहीत आणि त्यांनी माणसाला उलट्या-जुलाबांचा गंभीर त्रास होऊ शकतो. हे ‘थोडा कडवट आहे, गूळ घालू’ असे म्हणून भागवण्यासारखे नाही. चणाडाळ घालायची असेल तर ती तासभर तरी भिजलेली हवी, नाहीतर दुधीचा लगदा होईपर्यंत डाळ कच्चीच राहते. भाजीत वरून पाणी घालू नये. मीठ पडले की दुधी स्वतःच पाणी सोडतो, आणि कढईवर ताट ठेवून त्या ताटात पाणी घातले म्हणजे वाफ आतल्या आत खाली पडून भाजी न करपता शिजते. दाण्याचे कूट अगदी शेवटी. यातली प्रत्येक गोष्ट लहान आहे, परंतु नव्याने संसार मांडलेल्या मुलीला ती कोणी सांगितली नाही तर दुधी नावडता होऊन बसतो.

या शहराने रोजच्या जेवणाला कधी हलके मानलेले नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेले कामगार ज्या बायकांच्या घरी जेवत, त्या खाणावळवाल्या बायका दोन्ही वेळचे साधे जेवण, म्हणजे डाळ, भात, भाकरी, कालवण, हेच रांधत असत. त्यांच्या कष्टांना पतपुरवठ्याचे आणि संघटनेचे बळ मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. डबेवाल्यांची व्यवस्था तर १८९० पासूनची मानली जाते, आणि इतकी वर्षे ती ज्यासाठी चालली ते घरचे रोजचेच जेवण होते. तुमच्या लेडीज स्पेशलचेही तेच आहे. १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावू लागली, त्याच्या कितीतरी आधीपासून बायकांच्या डब्यात मेथी निवडली जात होती आणि मटार सोलले जात होते. तिथे भाजी निवडणाऱ्या बाईने दुधीचे नाव घ्यायला लाजू नये.

आता अंदाजाकडे येते. ‘अंदाजाने’ या शब्दाने आपण आपल्याकडचे सर्वांत मोलाचे ज्ञान झाकून ठेवतो. तुम्ही मीठ घालता तेव्हा तुमच्या बोटांना त्याचे प्रमाण ठाऊक असते, मसाला कधी घालायचा हे नाकाला कळते, फोडणी कधी झाली हे कानाला कळते. विचारणारीकडे ही बोटे, हे नाक आणि हा कान नसतो. म्हणून कृती सांगणारीने दोन कामे करावी लागतात: जे मोजता येते ते एकदा मोजून ठेवायचे, आणि जे मोजता येत नाही त्याची खूण सांगायची.

मोजण्याचे काम एका संध्याकाळीत होते. पुढच्या वेळी आमटी कराल तेव्हा नेहमीप्रमाणेच करा, फक्त चिमटीतले मीठ पातेल्यात टाकण्याआधी चमच्यात टाकून पाहा, तसेच मसाल्याचे आणि गुळाचे करा, आणि लिहून ठेवा. वाटीचा घोळ सर्वांत मोठा असतो, कारण एकीच्या घरची वाटी १०० मिलिलिटरची तर दुसरीच्या घरची २०० मिलिलिटरची असते, आणि दोघीही बिनदिक्कत ‘एक वाटी डाळ’ म्हणतात. घरात लहान वजनकाटा असेल तर त्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी आहे. मिठाचेही असेच आहे. ५ मिलिलिटरचा सपाट चमचा बारीक मिठाने भरला तर त्यात सुमारे ६ ग्रॅम मीठ मावते, आणि खडेमीठ असेल तर त्याहून कमी, त्यामुळे कोणते मीठ हे सांगितल्याशिवाय ‘एक चमचा’ या शब्दांना अर्थ राहत नाही. मसाल्याच्या बाबतीत तर प्रमाण सांगूनही भागत नाही. लालबागच्या डंकावर घरच्या प्रमाणाने कुटून आणलेला मसाला आणि दुकानातून आणलेले पाकीट यांच्या एकेका चमच्यात फार अंतर असते, म्हणून मसाला कुठला आणि किती जुना हेही सांगावे.

मैत्रिणीच्या आमटीची डाळ का शिजली नसेल, याची मला तीन कारणे दिसतात, आणि तिन्ही तुमच्या कृतीत न सांगितलेल्या गोष्टींत आहेत. पहिले आणि बहुधा खरे कारण चिंच. डाळीच्या दाण्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा घटक उष्णतेने विरघळत जातो, म्हणून डाळ मऊ होते. पाण्यात आंबट असेल तर तो विरघळायला फार वेळ लागतो आणि दाणा तासभर शिजवूनही टणक राहतो. आमसूल, टोमॅटो, कैरी यांनीही हेच होते. तुम्ही चिंच नेहमीच डाळ शिजल्यावर घालता आणि ती तशी घालायची हे तुमच्या इतके अंगवळणी पडले आहे की ते सांगायला हवे असे तुम्हाला वाटलेच नाही. दुसरे कारण पाणी असू शकते. मुंबई महापालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून येते आणि ते मऊ असते. विरारला तिच्या इमारतीत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल तर त्यातल्या कॅल्शियमनेही डाळ शिजायला उशीर होतो. अशा वेळी डाळ शिजवण्यापुरते तरी आरओ यंत्रातून आलेले पिण्याचे पाणी वापरावे; नुसते गाळल्याने कॅल्शियम जात नाही. काही जणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने डाळ मऊ होते हे खरे, पण त्यातील ब जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो आणि जास्त पडला तर चवही बिघडते, त्यामुळे रोजच्यासाठी मी ते सुचवणार नाही. तिसरे कारण जुनी डाळ. फार दिवस डब्यात राहिलेली डाळ कितीही भिजवली तरी हट्टाने उभी राहते.

शिट्ट्यांबद्दल मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आतले तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि डाळ शिजते ती त्या तापमानाला काढलेल्या वेळात. शिट्टी ही जादा वाफ बाहेर पडल्याची खूण आहे. मोठ्या आचेवर लहान कुकरच्या चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतील, मंद आचेवर मोठ्या कुकरच्या चार शिट्ट्यांना वीस मिनिटे लागतील, आणि इंडक्शनच्या शेगडीवर आणखी तिसरेच काही होईल. तेव्हा यापुढे शिट्ट्या सांगू नका, मिनिटे सांगा: तूरडाळ अर्धा तास भिजवून, तिच्या तिप्पट पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालून कुकर लावावा, पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी, तिथून बारा मिनिटे ठेवून गॅस बंद करावा आणि वाफ आपोआप उतरू द्यावी. आणि याच्यापुढे खूण सांगा, कारण मिनिटेही घराघरांत थोडी बदलतात. डाळ झाली म्हणजे दाणा चिमटीत दाबल्यावर लोण्यासारखा पसरतो आणि मधोमध कणी लागत नाही. रवीने घोटल्यावर डाळ आणि पाणी एकजीव होतात, वर पाणी आणि तळाशी गाळ असे राहत नाही. कणी लागली तर चिंच घालण्याची घाई न करता आणखी पाच मिनिटे कुकर लावायचा.

फोडणी याहून अवघड, कारण ती सेकंदांत होते. तेल तापल्याची खूण अशी की मोहरीचा एक दाणा टाकला तर तो लगेच तडतडतो. तळाशी नुसता पडून राहिला तर थांबायचे, आणि तेलातून धूर निघू लागला असेल तर कढई खाली उतरवायची. मोहरीचा तडतडाट जोरात सुरू होतो आणि मग मंदावतो. तो मंदावला की आच बारीक करून जिरे, मग हिंग, मग कढीपत्ता. हळद आणि तिखट सर्वांत शेवटी, आणि ते पडल्यावर लगेच डाळ किंवा पाणी ओतायचे, कारण तेलात हळद दोन क्षण जास्त राहिली तरी करपते आणि तो कडवटपणा मागाहून गूळ घालूनही झाकला जात नाही. डाळ ओतल्यावर १०० ग्रॅम डाळीच्या आमटीला सपाट दोन चमचे गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. आधी चिंचेचा कच्चा, तीक्ष्ण वास येतो. तो जाऊन मसाल्याचा गोडसर वास वर आला की आमटी झाली. भाताबरोबर चार माणसांना इतकी आमटी पुरते. तुमचे प्रमाण वेगळे असेल तर तेच ठेवा. मी हे केवळ सांगण्याची पद्धत दाखवण्यासाठी लिहिले आहे.

आता मैत्रीण. सगळ्यांसमोर तिने जे म्हटले ते बोचणारे होते, आणि तुम्हाला वाईट वाटले यात काही वावगे नाही. तरी तिच्या घरी त्या संध्याकाळी काय झाले असेल याचाही विचार करा: उशिरा पोहोचलेली बाई, भुकेलेली माणसे आणि कुकरमध्ये न शिजलेली डाळ. तिच्याशी गटात न बोलता स्टेशनवरून बाहेर पडताना किंवा फोनवर शांतपणे बोला, आणि माझी कृती बरोबरच होती असे पटवण्याऐवजी तिला विचारा की डाळ किती जुनी होती, चिंच केव्हा घातली, पाणी कुठले होते, आच केवढी होती. बहुधा दुसऱ्या प्रश्नालाच गाठ सुटेल. मग तिलाच सांगा की पुन्हा एकदा करून पाहा आणि कशी झाली ते गटात सांग. ज्या पदार्थाचा दोष सापडला तो पदार्थ सर्वांना जास्त शिकवतो, आणि तुमच्या गटात ‘छान झाले’ किंवा ‘फसले’ एवढ्यावर न थांबता नेमके काय झाले हे सांगण्याची रीत पडली तर सगळ्याच जणींचा फायदा होईल.

काकूंच्या बाबतीत मी तुम्हाला एक भेद करायला सांगेन. ज्येष्ठ माणसे काढतात त्या खोटांपैकी काही रीतीच्या असतात आणि काही प्रकृतीच्या. आमटीत लसूण असावा की नसावा ही रीतीची गोष्ट आहे. मुंबईत एकाच तूरडाळीचे किती प्रकार होतात ते पाहा: सारस्वतांकडे हिंग आणि हिरव्या मिरचीची दाटसर दाळीतोय, कुठे गोडा मसाला, आमसूल आणि गुळाची आमटी, घाटावरच्या घरांत लसूण आणि काळा मसाला घातलेली झणझणीत आमटी, मालवणी घरांत ओल्या खोबऱ्याचे वाटप लावलेली. यातली कोणतीही चुकलेली नाही. अशा वेळी ‘काकू, तुमच्याकडे कशी करतात?’ असे मनापासून विचारावे. त्यांच्या हाताखालून इतक्या वर्षांचा स्वयंपाक गेला आहे की एक नवी कृती हाती लागेल, आणि विचारले गेल्यावर टोकण्याची गरजही बहुधा उरत नाही.

परंतु प्रकृतीची खोट काढली तर ती कान देऊन ऐकावी. पावसाच्या सुरुवातीला दादर, बोरिवली, वसई अशा स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळे ही रानभाजी घेऊन बसतात. ती पाहून हौसेने घेणाऱ्या मुलीला जर काकूंनी ‘काकडे घेतलीस का?’ असे खडसावले, तर त्या तिच्या गळ्याचे रक्षण करत आहेत. शेवळांत आणि अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशात टोचून खाज येते; म्हणून शेवळांत काकडाची आंबट फळे आणि अळूच्या भाजीत चिंच किंवा आमसूल घालून ती पुरती शिजवण्याची पद्धत पडली आहे. जुन्या पद्धतींमागे अशी कारणे पुष्कळदा असतात, पण सांगणाऱ्याला ती सांगता येत नाहीत आणि ऐकणाऱ्याला तो हेका वाटतो. काकूंना ‘का’ असे विचारायला संकोच करू नका, फक्त स्वर नम्र असू द्या.

डब्यातून घास नेता त्यासंबंधी थोडेसेच. शेंगदाणे, तीळ, काजू, कोलंबी यांची काहींना ॲलर्जी असते, आणि दाण्याचे कूट तर आपल्याकडे न दिसता भाजीत असते. तेव्हा डबा उघडताना त्यात काय काय आहे ते आधी सांगावे. जैन मैत्रीण असेल तर कांदा-लसूण आणि कंद, आणि कोणाचा उपवास किंवा वार असेल तर तेही, तिला विचारायला लावू नये.

राहिली भाताची शंका. तिला तुम्ही लहानशी म्हटले आहे, पण ती तशी नाही. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात मुंबईच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढीला लागतात आणि असे विष तयार करतात की जे फोडणीच्या उष्णतेनेही नाहीसे होत नाही; त्याने काही तासांत उलट्या होऊ शकतात. भात सकाळी आंबूस लागला नाही म्हणजे तो चांगला आहे, असे समजता येत नाही. त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेला भात गटासाठी नेऊ नका आणि घरीही खाऊ नका. फोडणीचा भात न्यायचाच असेल तर जेवणे झाल्यावर उरलेला भात ताटात किंवा परातीत पातळ पसरून लवकर थंड करावा, शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि एप्रिल-मेच्या दिवसांत तासाभरातच, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, सकाळी खालपासून वरपर्यंत वाफा येतील इतका परतावा, आणि गाडीत चढल्यावर लगेच वाटून संपवावा. उरला तर तो कार्यालयात दुपारपर्यंत ठेवू नये. ओले खोबरे वरून पेरायचे असेल तर तेही त्या दिवसापुरते वगळा, कारण उकाड्यात ते फार लवकर उतरते. ऐन उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात भाताऐवजी धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा मेथीचे ठेपले न्यावेत, आणि पिठात दही घातले असेल तर तेही सांगावे.